पक्का राणी रंग

मी एक जुनी मोबाइलची बॉडी आहे. बॉडी म्हणजे फोनच्या अंगावरचं प्लास्टिक, पुढचा एक तुकडा आणि पाठीचा एक. तुमच्या आताच्या फोनांना असलं काही नसतं, पण तेव्हा फोन तोच ठेवून नुसती बॉडी बदलायची पद्धत होती. मित्रांनो, जुन्या वस्तू गोडगोड आठवणी सांगतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मी चिडलेली आहे. इतकी वर्षं बटणांच्या डब्यात पडून राहूनही माझा राग गेलेला नाही, आणि तो का गेला नाही तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला धड माहीत नाही. पांढऱ्या प्लास्टिकचे दाणे वितळले, साच्यात गेले, साचा उघडला आणि माझ्यासारख्या शेकडो जणी एकदम बाहेर पडल्या. ना कुणी बारसं केलं, ना कुणी दृष्ट काढली. दिल्लीहून पोत्यात भरून आम्ही उज्जैनला आलो आणि फ्रीगंजातल्या एका चिंचोळ्या दुकानात खिळ्याला लटकलो. शेजारी वाघाच्या पट्ट्यांच्या, तिरंग्याच्या, चमचमणाऱ्या बॉड्या होत्या. मी साधी दुधी पांढरी. गिऱ्हाईक यायचं, हात लावायचं आणि वाघाला घेऊन जायचं.

सिंहस्थाची गर्दी ओसरली त्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार चार साली, अलकाबाई दुकानात आल्या. त्यांच्या फोनची मूळची करडी बॉडी तडकली होती.

"भैया, वो सादी वाली दिखाओ," त्या म्हणाल्या.

"अरे बहनजी, ये फुलवाली देखो ना, एकदम नया माल है."

"नको रे बाबा. भडक चीज देखी तो घर में सब बिगड़ते हैं."

अशी मी निवडली गेले. का, तर माझ्यावरून घरात कुणाची भुवई वर जाणार नव्हती म्हणून. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

अलकाबाई नानाखेड्याला राहायच्या, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीत. त्या नऊवाऱ्या शिवायच्या. हसू नका, नऊवारी नेसतात हे मलाही कळतं. पण माळव्यातल्या मराठी मुलींना शाळाकॉलेजात नऊवारी नेसायला शिकवणार कोण? लग्नात आईची हौस असते, मुलीला काष्टा घालता येत नाही, आणि मग मंडपात निऱ्या सुटून फजिती होते. अलकाबाईंनी त्यावर तोड काढली होती. साडी अशी कापायची आणि शिवायची की पाय घातले, हूक लावला, पदर घेतला की झालं. देवास, रतलाम, इंदूर, कुठूनकुठून मुलींच्या आया विचारत यायच्या. अलकाबाईंचं दुकान नव्हतं, दारावर पाटी नव्हती. गिऱ्हाइकाला त्यांच्यापर्यंत पोचायची वाट एकच होती, तो फोन. आणि तो त्यांनी स्वतःच्या शिलाईतून घेतला होता, हे नीट लक्षात ठेवा.

अलकाबाईंना मी अहोजाहो करते. त्यांच्या नवऱ्याला, सुधाकरला, करत नाही. का ते कळेलच.

सुधाकर बँकेत अकाउंटंट होता. बँकांनी माणसं कमी करायला काढली तेव्हा त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून तो तयार व्हायचा, आणि मग त्याच्या लक्षात यायचं की जायचं कुठेच नाही. याचं मला वाईट वाटायला हवं, नाही का? वाटलं असतं. पण तो काय करायचा? अलकाबाईंचा फोन उचलायचा आणि खिशात घालून बाहेर पडायचा.

"अहो, फोन ठेवून जा ना. कुणाचा तरी यायचाय."

"अगं, जरा चक्कर मारून येतो. पाच मिनिटात परत."

त्याची पाच मिनिटं दुपारच्या जेवणापर्यंत चालायची. बसस्टँडवर चहा, पेपर, ओळखीचा कुणी दिसला की खिशातून मला अर्धं बाहेर काढायचं आणि उगाच वेळ बघायची. मनगटावर घड्याळ असायचं बरं का! पण खिशात मोबाइल असला की माणूस अजून कामाचा वाटतो. त्याच्या खिशातल्या घामात मी दिवसभर बसायची आणि तिकडे अलकाबाई मशीनवर बसून दाराकडे बघत राहायच्या. गिऱ्हाइकं त्यांना तोंडावर सांगायची, "फोन तो भाईसाहब उठाते हैं, फिर क्या बोलें?" अलकाबाई ओठ मिटून टीप मारायच्या. त्यांची मुलगी केतकी तेव्हा कॉलेजात होती. ती एकदा म्हणाली, "आई, तू बाबांना 'नाही' असं का म्हणत नाहीस?" त्यावर अलकाबाई म्हणाल्या, "म्हणते की. ऐकतं कोण?"

आता खरी गोष्ट ऐका. श्रावणात अलकाबाईंना निरोप आला की इंदूरच्या अहल्याताई फोन करणार आहेत. घरात मोठं लग्न होतं. नवरी, करवल्या, मावश्या, आत्या, सगळ्यांना एकसारख्या नऊवाऱ्या हव्या होत्या. एवढं मोठं काम अलकाबाईंकडे आधी कधीच आलेलं नव्हतं. हे नीट पार पडलं की मदतीला एक बाई ठेवायची, पुढच्या खोलीत दुसरं मशीन मांडायचं, दाराला पाटी लावायची, असं त्या केतकीला सांगताना मी ऐकलं होतं. सांगताना त्यांनी पाटीची लांबी हवेत हातांनी मोजूनसुद्धा दाखवली.

फोन आला. तेव्हा मी रामघाटावर होते, सुधाकरच्या खिशात. संध्याकाळची आरती आटपली होती, बँकेतले दोन जुने सोबती पायरीवर शेजारी बसले होते. त्याने ऐटीत मला कानाला लावलं.

"नमस्कार, हा अलकाबाईंचा नंबर ना? नऊवारी शिवतात त्या?"

सोबत्यांनी माना वळवल्या. सुधाकरने त्यांच्याकडे चोरून पाहिलं. मग तो हिंदीत बोलला. मराठी बाईशी, मराठी माणूस, मुद्दाम हिंदीत.

"नहीं जी, राँग नंबर. यहाँ कोई दर्जी-वर्जी नहीं रहता."

आणि त्याने फोन कट केला. मित्रांनो, मी त्याच्या गालाला चिकटलेली होते. मला तोंड असतं तर मी त्याच्या कानाचा चावा घेतला असता. त्या बाईच्या कमाईचा फोन, त्या बाईचा नंबर, तिचंच नाव विचारलेलं, आणि हा म्हणतो राँग नंबर! वर सोबत्यांना हसून सांगतो, "लोग भी कहाँ-कहाँ लगा देते हैं."

घरी अलकाबाईंनी विचारलं, "इंदूरहून काही आला होता का?"

"नाही बुवा. एक राँग नंबर होता, बस."

त्यांनी तो नंबर उलटा लावून पाहिला. पलीकडून सार्वजनिक फोनच्या बूथवरचा एक माणूस खेकसला, "ये तो पीसीओ है बहनजी!" अलकाबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसल्या. अहल्याताईंचा फोन आला होता हे त्यांना कळलं नव्हतं. पण फोन घरात नसला की आपलं काम दारावरूनच परत जातं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकर आंघोळीला गेला आणि त्या ताडकन उठल्या.

"केतकी, ही बॉडी काढ फोनची."

"कशाला?"

"रंगवते तिला. अशी रंगवते की कुणा पुरुषाने खिशात घालायची हिंमत नाही केली पाहिजे."

आपली बाई अशी बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. कापडाच्या कपाटात भेरूगढच्या रंगाऱ्यांकडून आणलेली रंगाची पुडी होती. राणी रंग. अस्तरं रंगवायला आणलेला, सुती कापडाचा. जुनं पातेलं चढलं, पाणी कढत झालं, त्यात रंग पडला, वर मूठभर मीठ, आणि त्यात मी. भाजले हो मी! पण ओरडावंसं वाटलं नाही. अलकाबाई काठीने मला ढोसत होत्या आणि तोंडाने पुटपुटत होत्या, "घ्या म्हणावं आता. मारा चक्कर."

मीठ घालून रंग चढतो तो सुती कापडावर. प्लास्टिकला ना मिठाशी देणंघेणं, ना सुती रंगाशी. हे अलकाबाईंना ठाऊक नव्हतं असं समजू नका. टेरिकॉटला सुती रंग धरत नाही हे त्याच गिऱ्हाइकांना समजावून सांगायच्या. कुठलंही कापड रंगवलं की ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघितल्याशिवाय त्या ते हातावेगळं करत नसत. पण राग माणसाला आंधळं करतो. त्या दिवशी ना त्यांना सुती आठवलं, ना फडकं. मी वाळले, वरून झकास दिसायला लागले आणि फोनवर चढले. केतकीने टाळी वाजवली. रंग माझ्या अंगावर नुसता बसलेला होता, अंगात गेलेला नव्हता. ते फक्त मला कळत होतं.

सुधाकर बाहेर आला, मला बघून दचकला.

"हे काय थेर?"

"माझा फोन आहे. मला आवडला रंग."

अलकाबाईंना वाटलं, जिंकलो. पण बाई चुकल्या. पुरुषाला लाज वाटली की तो वस्तू सोडत नाही, झाकतो. त्याच संध्याकाळी मराठी समाजाच्या हॉलमध्ये गणपतीच्या तयारीची बैठक होती. सुधाकरने मला रुमालात गुंडाळलं, बुशशर्टाच्या खिशात घातलं आणि पुढे निघाला. अलकाबाई मागून कॉलनीतल्या बायकांबरोबर गेल्या. फोन घरी टेबलावर आहे अशा समजुतीत.

हॉलमध्ये उकाडा मी म्हणत होता. एका बाजूला खुर्च्यांवर पुरुष, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बायका, समोर टेबलाशी समाजाचे अध्यक्ष भय्यासाहेब. घराण्याने सरदार, आवाजही तसाच. आरासीवरून वाद रंगला होता आणि मी वाजले.

सगळ्यांच्या माना वळल्या. सुधाकरने गडबडीने मला रुमालातून काढलं, मुठीत झाकलं आणि कानाला घट्ट दाबलं. त्याला थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज कायम पूर्ण असायचा. अहल्याताईंचं बोलणं पहिल्या तीन रांगांना आणि सतरंजीवरच्या बायकांनाही स्वच्छ ऐकू गेलं.

"पुन्हा त्रास देते हं. मला हाच नंबर दिलाय. नऊवारी शिवणाऱ्या अलकाबाई तुमच्याकडेच राहतात का?"

आता तरी, मी मनात म्हटलं. आता तरी हो म्हण, मेल्या!

"बोला ना आपको, राँग नंबर है. यहाँ कोई दर्जी नहीं रहता."

भय्यासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय हो सुधाकरराव? आमच्या सूनबाईची नऊवारी अलकावहिनींनीच नाही का शिवली? मग खोटं का सांगताय त्या बाईंना?"

अहल्याताईंच्याही कानावर ते गेलं असणार, कारण पलीकडून एकदम फोन ठेवल्याचा आवाज आला. सुधाकरने मला कानावरून खाली घेतलं. आणि मग हॉलभर हशा पिकला. त्याचा गाल, कान, चार बोटं, सगळं राणी झालं होतं. घामाने माझा रंग विरघळून त्याच्या तोंडाला लागला होता. बुशशर्टाच्या खिशावर हाताएवढा डाग पडला होता.

"क्यों भाई, रंगपंचमी तो कब की हो गई!" मागून कुणीतरी ओरडलं.

मीही हसले असते. पण तेवढ्यात सतरंजीवरून अलकाबाई उठल्या. सगळा हॉल ओलांडून, खुर्च्यांच्या मधून, त्या सरळ सुधाकरसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे."

त्याने मला दिलं. अलकाबाईंनी मला कानाला लावलं. त्यांनाही माझा रंग लागला, त्यांनी पर्वा केली नाही.

"हॅलो. मी अलका बोलतेय. हॅलो?"

पलीकडे कुणी नव्हतं. त्या तरीही दोनदा हॅलो म्हणाल्या. ते हॅलो मी अजून विसरलेली नाही.

घरी आल्यावर सुधाकरने साबणाने गाल घासला आणि उलट तोच चढला.

"चार लोकांत माझं तोंड रंगवलंस! समाजात मान वर करायची सोय नाही ठेवलीस!"

"तोंड मी नाही रंगवलं. तुम्हीच रंगवलंत." अलकाबाईंचा आवाज चढला नव्हता. "ती बाई म्हणाली, पुन्हा त्रास देते. म्हणजे कालचा तो राँग नंबर हाच ना?"

तो पुन्हा गाल घासायला लागला.

"इतकी वर्षं बँकेचे साहेब घरी फोन करायचे. सुधाकर हैं क्या, म्हणून विचारायचे. मी एकदा तरी म्हटलं का, इथे कुणी बँकवाला राहत नाही?"

"अगं, लोक म्हणतात, अकाउंटंटसाहेबांची बायको लोकांचे कपडे शिवते..."

"म्हणतात तर म्हणू दे! शिवते मी. चोरी करते का? नोकरी सुटली तेव्हा तुम्ही घरात बसून राहिलात, मी तुम्हांला चकार शब्द बोलले नाही. आणि तुम्ही मला चारचौघांत पुसून टाकलंत."

केतकी दाराशी उभी राहून रडत होती.

भय्यासाहेबांच्या सूनबाईंनी खटपट करून इंदूरचा पत्ता लावला. अलकाबाईंनी स्वतः अहल्याताईंशी बोलून माफी मागितली. अहल्याताई भल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, "मी त्याच रात्री दुसरीकडे काम देऊन टाकलं हो. ज्या घरात तुम्हांलाच कुणी ओळखत नाही, तिथे लग्नाच्या साड्या कशा टाकू?" झालं. दुसरं मशीन गेलं, मदतीची बाई गेली, पाटी हवेतच राहिली. केलं कुणी, आणि भरलं कुणी, बघा. सांगा, मी का चिडू नये?

पण अलकाबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा फोनवरून उतरवलं, साबणाने खसखसून धुतलं आणि सुधाकर घरात असताना, त्याच्या डोळ्यांसमोर, पातेलं चढवलं. रंग पुन्हा राणीच, पण या वेळी टेरिकॉटचा, म्हणजे प्लास्टिकच्याच भावकीतल्या धाग्याचा. मीठ नाही, व्हिनेगरचं एक झाकण. पाणी उकळू दिलं नाही, नुसतं वाफाळत ठेवलं, कारण उकळत्या पाण्यात मी वाकडी झाले असते. त्या शेगडीशी उभ्या राहून आच कमीजास्त करत होत्या. रंग हळूहळू माझ्या अंगात उतरत गेला. शेवटी एक कोपरा जरा वाकलाच, पाठ नीट बसेना, फोन हातात घेतला की टक् असा आवाज यायचा. अलकाबाईंनी ओलं पांढरं फडकं घेऊन मला जोर लावून घासलं. फडकं पांढरं राहिलं.

त्यांनी ते फडकं सुधाकरपुढे धरलं. "बघा. आता नाही निघायचा."

पुढे काय, म्हणाल, तर पुढे मी कामाला लागले. फोन घराबाहेर गेला नाही. देवासचं काम आलं, रतलामचं आलं. मोठं लग्नघर पुन्हा यायला दोन वर्षं लागली. पाटी लागली ती त्यानंतर. मग फोन जुना झाला, नवा आला, आणि मला बटणांच्या डब्यात टाकून सगळे विसरले. केतकीची मुलगी परवा डब्यात बोटं घालून म्हणाली, "आजी, हा गुलाबी कचरा फेकू?" कचरा! अलकाबाई म्हणाल्या, "राहू दे गं." एवढंच. का राहू दे ते सांगितलं नाही, म्हणून मला सांगावं लागतंय.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, फेकू नका, हे तुम्हांला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. जी वस्तू ज्याची, ती त्याच्या हातात राहू द्या. दुसऱ्याचा फोन उचलायची वेळ आली, तर पलीकडच्याला त्याचं नाव खरं सांगा. बाहेरचं प्लास्टिक फुटलं तर फ्रीगंजात दुसरं मिळतं. नाव घरातल्याच माणसाने नाकारलं, तर ते कुठल्या दुकानात जाऊन आणायचं?

एक गोष्ट सांगायची राहिली. सुधाकरला मी माफ केलेलं नाही, पण जे घडलं ते लपवणं हा त्याचा धंदा, माझा नाही. दुसऱ्यांदा रंगले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी टेबलावर वाजत होते. अलकाबाई खाली बसून काष्ट्याच्या निऱ्या बसवत होत्या, तोंडात टाचण्या, दोन्ही हातांत साडी. त्यांनी नुसतं सुधाकरकडे पाहिलं. घरात त्याचे ते दोन बँकेतले सोबती चहा पीत बसले होते. मी वाजतच राहिले. शेवटी तो उठला आणि त्याने मला कानाला लावलं.

"अलकाबाईंचा नंबर का?" पलीकडून कुणी विचारलं.

"हो," तो मराठीत म्हणाला. "नऊवारी शिवतात त्याच. माझी बायको. थांबा, देतो."

त्याने मला अलकाबाईंच्या हातात दिलं तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. गाल कोरा होता, बोटं कोरी होती. कान मात्र लालबुंद झाला होता, आणि तो रंग माझा नव्हता.